अडीच हजारांची रेघ

२२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वस्तू व सेवा कराच्या नव्या दरांत शिवलेले कपडे, तसेच चादरी, पडदे, भिंतपट यांसारख्या तयार कापडी वस्तू यांच्यासाठी प्रतिनग अडीच हजार रुपयांची मर्यादा ठरवण्यात आली असून, तिथपर्यंतच्या नगावर ५ टक्के आणि त्यापुढच्या नगावर १८ टक्के कर आकारला जातो. पूर्वी ही मर्यादा एक हजार रुपयांची होती व तिच्यापुढे १२ टक्के कर होता. त्यामुळे हजार ते अडीच हजारांच्या दरम्यान विकल्या जाणाऱ्या मालाला या बदलाने दिलासा मिळाला, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु हाताने रंगवलेल्या व हाताने छापलेल्या, पुन्हा तसाच होऊ न शकणाऱ्या एकेका नगावर ज्यांचे पोट आहे, त्या कारागिरांच्या दृष्टीने ही सुधारणा उलटी पडली आहे. २,४०० रुपयांच्या चादरीवर १२० रुपये कर, तर २,६०० रुपयांच्या चादरीवर ४६८ रुपये. म्हणजे किमतीतील दोनशे रुपयांच्या फरकापायी गिऱ्हाइकाच्या खिशातून ५४८ रुपये अधिक जातात. या महिन्यात आमच्याकडे रंगाऱ्यांच्या ज्या तक्रारी आल्या, त्यांचा रोख जवळजवळ एकमुखाने याच रेघेवर आहे.

अडीच हजारांपुढचा कपडा म्हणजे चैनीचा कपडा, हे गृहीतक यंत्रावर निघणाऱ्या मालाच्या बाबतीत कदाचित टिकेल, कारण तिथे किंमत नाममुद्रेने वाढते. हातकामात ती वेळेने वाढते. कोऱ्या कापडाची खळ काढायची, ते हिरड्याच्या पाण्यात बुडवून उन्हात वाळवायचे, मग रंगबंधकाचे, म्हणजे रंगाला धाग्याशी पक्के जखडणाऱ्या क्षाराचे, ठसे उठवायचे. तुरटीचा ठसा आल किंवा मंजिष्ठेच्या उकळीत लाल होतो, गूळ आणि गंजके लोखंड आंबवून केलेल्या पाण्याचा ठसा हिरड्याशी मिळून काळा होतो, आणि दोहोंच्या मिश्रणातून तपकिरी वा जांभळट छटा निघतात. निळीच्या कुंडातून काढलेले कापड हवा लागेपर्यंत हिरवट-पिवळे असते व ते किती वेळा बुडवायचे हे रंगाऱ्याच्या नजरेवर ठरते. पाण्याचा जडपणा, उन्हाची धग, धुलाईच्या पाण्याची धार यांपैकी एकही गोष्ट दुसऱ्या दिवशी तशीच राहत नाही, म्हणून त्याच ठशांनी, त्याच हातांनी केलेला दुसरा नग पहिल्याची प्रत होऊ शकत नाही. धार जिल्ह्यातील बाघ येथील ठसेछपाई कारागिरांना वाहत्या नदीवाचून काम करता येत नाही, ते याच कारणाने. अशा नगाची किंमत अडीच हजारांच्या आत बसवायची, तर कारागिराने आपल्या श्रमाचा मोबदलाच सोडला पाहिजे.

त्याहून गंभीर बाब वर्गीकरणाची आहे. सलग कापड, मग ते कितीही किमतीचे असो, ५ टक्क्यांतच राहते आणि साडी कापडातच मोडत असल्याने वीस हजारांच्या हातरंगी साडीवरही ५ टक्केच कर पडतो. मात्र करतालिकेतील ‘तयार वस्तू’च्या व्याख्येप्रमाणे कापडाचा काठ दुमडून टीप मारली किंवा कडेच्या दशांना गाठी मारल्या, की ते कापड उरत नाही, वस्तू होते. धागे सुटू नयेत म्हणून कडेला नुसता साधा धागा ओवला असेल तर मात्र ते कापडच राहते. परिणामी सहा हजारांच्या एकाच भिंतपटावर काठ मोकळे असताना ३०० रुपये आणि काठ शिवल्यावर १,०८० रुपये कर बसतो. रंगाऱ्याने त्या पटावर केलेल्या कामाचा या फरकाशी काडीचाही संबंध नाही; तो शिवणयंत्राच्या चार टिपांचा कर आहे.

हस्तकलेची दखल शासनाने घेतलेलीच नाही, असे म्हणता येणार नाही. प्रामुख्याने हाताने घडवलेली, भरीव अलंकरणाने नटलेली आणि तशाच उपयोगाच्या यंत्रनिर्मित मालाहून स्पष्टपणे वेगळी अशी वस्तू ती हस्तकलावस्तू, ही २०१८ सालच्या अधिसूचनेतील व्याख्या मुळात चांगली आहे व हातछपाईचा पट तिच्या प्रत्येक शब्दाला उतरतो. त्याच वर्षी जुलैमध्ये हातविणीची लेस, हाताने विणलेला चित्रांकित पट (टॅपेस्ट्री), हाताने वळलेल्या गोफ-झालरी आणि तोरण यांना ५ टक्क्यांचा दर मिळाला. पूर्णपणे हाताने काढलेली चित्रेही २०२५ मध्ये ५ टक्क्यांवर आली, पण त्याच शीर्षातून ‘हाताने रंगवलेल्या तयार वस्तू’ वगळल्या आहेत. म्हणजे तेच चित्र विणीतून उमटले तर ५ टक्के, कॅनव्हासवर कुंचल्याने काढले तरी ५ टक्के, आणि कापडावर रंगबंधक, मेण व निळीने उमटवून काठ शिवले तर अडीच हजारांपुढे १८ टक्के. हातरंगाई व हातछपाईच्या शिवलेल्या वस्तूंसाठी स्वतंत्र नोंद करावी, हे दरनिश्चिती करणाऱ्या अधिकाऱ्यांना आजवर सुचलेले नाही. व्याख्या ज्यांनी लिहिली त्यांनीच यादी केली असताना ही गफलत इतकी वर्षे का टिकावी, याचे उत्तर त्यांनी दिले पाहिजे.

राज्याच्या सीमेवरच्या कारागिराची अडचण आणखी वेगळी आहे. मध्य प्रदेशातील बुऱ्हाणपूरहून असीरगडाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या निंबोल्याचा विचार करावा. इथल्या रंगाऱ्याची स्वाभाविक बाजारपेठ रावेर, भुसावळ, जळगाव ही आहे. बोली एक, नातीगोती एक, पण राज्य दुसरे. कराच्या नोंदणीची मर्यादा न ओलांडणाऱ्या हस्तकारागिराला परराज्यात माल पाठवण्याची सूट २०१७ पासून आहे. तिला पॅन क्रमांक आणि ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीचा संगणकीय परवाना, या दोन अटी आहेत. सर्वसाधारण मालाला हा परवाना पन्नास हजार रुपयांच्या वरच्या खेपेसाठी लागतो, पण सूट मिळालेल्या हस्तकारागिराला मात्र मालाची किंमत कितीही असली तरी तो काढावाच लागतो. खंडव्याच्या दुकानात दहा हजारांचा माल विनापरवाना नेता येणाऱ्या निंबोल्याच्या कारागिराला रावेरला आठशे रुपयांचे एक उपरणे पाठवण्यासाठी संकेतस्थळावर नाव नोंदवून परवाना काढावा लागतो. त्यातही सवलतीच्या यादीत ‘हातछपाईचे कापड’ या नोंदीसमोर करतालिकेतील रेशीम, सूत आणि कृत्रिम अखंड तंतू एवढीच प्रकरणे आहेत. लोकर आणि इतर वनस्पतिजन्य तंतू यांची प्रकरणे नाहीत. बुऱ्हाणपूरला ‘एक जिल्हा एक उत्पादन’ योजनेत केळी मिळाली, केळीच्या खोडातील धाग्यापासून वस्तू करण्याला शासनच उत्तेजन देते, आणि त्या धाग्याच्या कापडावर कोणी ठसा उठवला तर ते यादीतल्या प्रकरणांबाहेर पडते.

ज्या भूमीबद्दल हे लिहिले जात आहे, तिथल्या रंगीत, फुलांच्या नक्षीच्या तलम कापडाची निर्यात इराण, तुर्कस्तान, पोलंड, अरबस्तान आणि कैरोपर्यंत होत असल्याचे ताव्हर्निये या फ्रेंच प्रवाशाने सतराव्या शतकात नोंदवले आहे. वेल्समधील पोविस कॅसलमध्ये जतन केलेल्या टिपू सुलतानाच्या छपाईच्या तंबूचे कापडही अभ्यासक बुऱ्हाणपूरशी जोडतात. आज बुऱ्हाणपूर यंत्रमागांचे शहर म्हणून ओळखले जाते. हातकाम पुन्हा उभे करू पाहणाऱ्या मोजक्या माणसांना तरी करपद्धतीने अडवू नये.

दोष सगळा शासनाचा आहे, असेही नाही. आपल्या संघटनेच्या कित्येक सभासदांनी नव्या दरांवर तोडगा म्हणून नगाची किंमत २,४९९ रुपये लावण्यास सुरुवात केली आहे. दुकानदार खुशीत आहेत, पण घट सोसतो तो रंगारी. काहींनी काठ न शिवता माल विकून गिऱ्हाइकावर शिलाई ढकलली. त्याहून वाईट म्हणजे जाळीछपाईचा गिरणी माल हातछपाईच्या नावाने त्याच टेबलावर मांडला जातो. अशा मालाकडे बोट दाखवूनच अधिकारी हातछपाईला वेगळी नोंद नाकारतील. आणि ज्यांच्याकडे विकास आयुक्त (हस्तशिल्प) यांचे कारागीर ओळखपत्र असायला हवे, त्यांतील कित्येकांनी अजून अर्जही भरलेला नाही. ओळखपत्र नाही, बिलावर प्रक्रियेचा उल्लेख नाही, नगावर सही-तारीख नाही, आणि तरी सवलत हवी, हे चालणार नाही.

म्हणून सर्व सभासदांना आवाहन आहे की त्यांनी चालू महिन्यापासून प्रत्येक बिलावर ‘हातरंगाई’, ‘ठसेछपाई’, ‘मेणरोध’ अशी प्रक्रिया स्पष्ट लिहावी, प्रत्येक नगासोबत वापरलेल्या रंगबंधकाची व रंगद्रव्याची चिठ्ठी द्यावी, त्याच कुंडातला कापडाचा एक तुकडा तारखेसह स्वतःजवळ ठेवावा, आणि अडीच हजारांच्या पुढच्या किती नगांची विक्री २२ सप्टेंबरनंतर अडली किंवा किंमत पाडून करावी लागली, याचा बिलांसह तपशील संपादकीय कार्यालयाकडे पाठवावा. त्या तपशिलावरून तीन मागण्यांचे निवेदन मध्य प्रदेश व महाराष्ट्र या दोन्ही राज्यांच्या, वस्तू व सेवा कर परिषदेवर सदस्य असलेल्या मंत्र्यांना देण्यात येईल: हातरंगाई व हातछपाईच्या शिवलेल्या वस्तूंना किमतीची अट न लावता ५ टक्क्यांची स्वतंत्र नोंद, सवलतीच्या यादीत उरलेल्या तंतूंची भर, आणि परराज्यातील लहान खेपेसाठी पन्नास हजारांची सर्वसाधारण मर्यादा हस्तकारागिरालाही लागू करणे. बिले नसतील तर निवेदन कोरडे राहील. तेव्हा पुढच्या अंकाची वाट न पाहता ती आताच पाठवावीत.