बोर्डिंगातल्या कालकथितांची नोंद कोण ठेवणार?

आमच्या वयाच्या कार्यकर्त्यांना अलीकडे महिन्यातले दोन-तीन रविवार पुण्यानुमोदनासाठी राखून ठेवावे लागतात. कालकथित झालेला माणूस बहुधा ऐंशी-नव्वदीच्या घरातला असतो. कोणी निवृत्त हेडमास्तर, कोणी रेल्वेतला, कोणी पोस्टातला. त्रिसरण-पंचशील होते, फोटोला पुष्प वाहिले जाते आणि आदरांजलीची भाषणे सुरू होतात. साहेब मनमिळाऊ होते, मुलांना शिकवले, विहाराला पंखा दिला, बाबासाहेबांना प्रत्यक्ष पाहिले होते. गेल्या महिन्यात अशाच एका सभेत एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत उठले. म्हणाले, “आम्ही दोघं बोर्डिंगात एका ताटात जेवलो.” पुढे त्यांना बोलवेना. ते खाली बसले आणि सूत्रसंचालकाने पुढच्या वक्त्याचे नाव पुकारले. दोन तासांच्या त्या सभेत ऐकण्यासारखे तेवढे एकच वाक्य होते, आणि तेच अर्धे राहिले!

बोर्डिंग या शब्दाचा अर्थ आजच्या मुलांना वेगळा वाटतो. आमच्या समाजात बोर्डिंग म्हणजे शिक्षणाचा पहिला उंबरठा. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या राजवटीत १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. साताऱ्यात भाऊरावांनी १९२४ मध्ये सर्व जातींची मुले एका छपराखाली आणली. बहिष्कृत हितकारिणी सभेने ४ जानेवारी १९२५ रोजी सोलापुरात वसतिगृह उघडले; मुलांच्या जेवणाखाण्याचा, कपड्यांचा, वह्या-पुस्तकांचा भार सभेने उचलला. सोलापूर नगरपालिका महिना ४० रुपये मदत देत असे. पुढे १९२८ नंतर धारवाडसारख्या ठिकाणीही बाबासाहेबांच्या देखरेखीखाली बोर्डिंगे चालली. यांचा मोठा इतिहास लिहिला गेला आहे. कोणी स्थापन केले, उद्घाटनाला कोण आले, हे सारे छापलेले सापडते. पण तिथे पत्र्याची पेटी घेऊन राहायला आलेला मुलगा कोण होता आणि त्याचे पुढे काय झाले, हे कुठे आहे?

दया पवारांनी ‘बलुतं’ (१९७८) लिहिले, प्र. ई. सोनकांबळ्यांनी ‘आठवणींचे पक्षी’ (१९७९) लिहिले, म्हणून त्या काळात शिकू पाहणाऱ्या पोराची उपासमार वाचकांपर्यंत पोचली. लिहिणारे हाताच्या बोटांवर मोजावेत इतके. न लिहिणारे गावोगाव मास्तर झाले, कारकून झाले, काही अर्ध्यावर शाळा सोडून गिरणीत गेले. त्यांच्या पगारावर भावंडे शिकली, वस्तीत पहिला दिवा लागला. ते एकेक करून जात आहेत.

हा नुसता भावनेचा प्रश्न आहे असे कोणी समजू नये. आम्ही वकिली करतो, म्हणून आमच्या टेबलावर आलेली गोष्ट सांगतो. एका मुलीला व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला होता. जात वैधता प्रमाणपत्र हवे होते. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० ही तारीख धरली जाते, म्हणजे त्याआधीचा पुरावा लागतो. आजोबा भूमिहीन, तेव्हा सातबाऱ्याचा प्रश्नच नाही. कोतवाल बुकाची नक्कल मागितली तर ‘अभिलेख जीर्ण’ असा शेरा आला. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरची नेमकी ती पाने वाळवीने खाल्लेली. मग घरातल्या कोणाला तरी आठवले, आजोबा १९४८ च्या सुमारास बोर्डिंगात होते! आम्ही मोठ्या आशेने त्या संस्थेत गेलो. आपल्याच माणसांची संस्था. अधीक्षकांनी चहा पाजला आणि सांगितले, नवीन इमारत बांधताना जुने कागद रद्दीत दिले. किती आले, तेही त्यांना आठवत होते. शेवटी चुलत आजोबांचा एक जुना कागद सापडला आणि वैधता मिळाली, पण तोवर प्रवेश गेला. पोरीचे एक वर्ष त्या रद्दीच्या भावात गेले.

तीस वर्षांपेक्षा जुना दस्तऐवज योग्य ताब्यातून न्यायालयापुढे आला, तर तो खरा असल्याचे न्यायालयाला गृहीत धरता येते. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम ९० मध्ये हे होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते कायम आहे. स्वातंत्र्यपूर्व काळातल्या कागदांना अधिक पुरावामूल्य असते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये आनंद प्रकरणात सांगितले. ‘योग्य ताबा’ हे शब्द संस्थाचालकांनी नीट वाचावेत. रजिस्टर संस्थेच्या कपाटात असते तेव्हा तो पुरावा असतो. रद्दीवाल्याकडून परत विकत आणले, तर ते कुठून आले हेच आधी सिद्ध करत बसावे लागते.

हे आम्ही एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांना सांगितले, तेव्हा ते रागावले. म्हणाले, “गेलं ते बरं झालं. नावापुढं जात लिहिलेली असायची त्यात. ती आम्ही छप्पन्न साली नागपुरात टाकून आलो.” त्यांचा राग आम्हाला कळतो. ज्याने तो शब्द कानात शिशासारखा ऐकला, त्याला तो कागदावरही नको असतो. पण धर्मांतरित बौद्धांना केंद्राच्या सवलती मिळायला १९९० साल उजाडावे लागले, हेही ते विसरले नसतील. ज्या रकान्याने आजोबांचा अपमान केला, तोच रकाना नातीला दाखवावा लागतो. व्यवस्थेची ही विटंबना आमच्या पसंतीची नाही. पण कागद नष्ट करून ती संपत नाही, पोरीचा प्रवेश तेवढा संपतो.

आणि जात एवढेच त्यात नसते. आम्ही एका जुन्या बोर्डिंगाचे रजिस्टर चाळले आहे. शेवटचा रकाना शेऱ्याचा. ‘सातवी पास’ असा शेरा थोड्यांपुढे. बाकीच्यांपुढे ‘घरी गेला’, ‘बाप मयत, कामास लागला’, ‘खरूज, पाठविला’. एका नावापुढे नुसते ‘मयत’. तो मुलगा बोर्डिंगातच गेला की सुटीत गावी, कळायला मार्ग नाही. त्याचे पुण्यानुमोदन कोणी केले असेल?

उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी गावोगाव हिंडून चळवळीतल्या वृद्ध स्त्रियांना बोलते केले, म्हणून १९८९ मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक झाले.  आज प्रत्येकाच्या खिशात ध्वनिमुद्रण करणारा फोन आहे, आणि तो पुण्यानुमोदनात व्यासपीठावरच्यांचे फोटो काढायला वापरला जातो. विहार समित्यांनी निदान एवढे करावे: कालकथिताच्या सोबत्याला माईकवर दोन मिनिटे देण्यापेक्षा त्याच्या घरी जाऊन दोन तास ऐकावे आणि ते लिहून ठेवावे. मुलींच्या बोर्डिंगात राहिलेल्या आजींना तर कोणी विचारतच नाही. संस्थाचालकांनी रजिस्टरे स्कॅन करून एक प्रत विहारात ठेवावी, मूळ प्रत मात्र संस्थेबाहेर काढू नये. मोफत काम करायला आमच्यासारखे चार वकील मिळतील, तो बहाणा नको.

त्या काठीवाल्या गृहस्थांकडे आम्ही पुढच्या रविवारी गेलो. एका ताटाचे विचारले. ते म्हणाले, बोर्डिंगात मुले बावीस आणि पितळ्या अकरा, म्हणून दोघांत एक. कालकथित मित्र भाकरी भराभर खायचा, हे उपाशी राहायचे, त्यावरून भांडणे व्हायची. नंतर मित्राने आपणहून मधोमध भाकरीचीच एक भिंत घालायची रीत काढली. निघताना त्यांनी बावीसपैकी आणखी एकाचा पत्ता दिला. ते आजारी असतात, असे कळले. येत्या रविवारी आम्ही तिकडे निघालो आहोत.