पूररेषा

मोठा तलाव १६६६.८० फुटांपर्यंत भरला की भदभद्याचे दरवाजे उघडतात आणि अवघे भोपाळ तिकडे लोटते. १९६५ सालच्या त्या धरणास ११ दरवाजे आहेत. पाऊस थांबविणे मात्र कोणाच्याच हाती नाही.

तलावाचे हे गणित परवा आम्हांस शाळेत आठवले. एक माजी विद्यार्थी संगणकातील जुन्या दाखल-खारीज नोंदी नव्या फाईलीत उतरवीत होता. साधन होते नोड.जेएस, म्हणजे सर्व्हरवर चालणारी, २००९ साली अवतरलेली जावास्क्रिप्ट. वाचन ६४ किलोबाइटांच्या घासांनी झपाट्याने होई, लेखन सावकाश. मधल्या नोंदी स्मृतीत साचत गेल्या आणि काम अर्ध्यावर कोसळले. कित्येक मुलांच्या जन्मतारखा पलीकडे पोहोचल्याच नाहीत.

चूक लहानशीच होती. साठा ‘हायवॉटरमार्क’ या पूररेषेस भिडला की ‘राइट’ ही आज्ञा ‘फॉल्स’ असे उत्तर देते. अर्थ, आता थांबा. साठा उपसला गेला की ‘ड्रेन’ची वर्दी येते, मग पुढे ओतावे. ते उत्तर त्याने ऐकलेच नव्हते. ‘पाइपलाइन’ ही योजना ते आपणहून ऐकते. तिच्या हाती काम सोपविताच सर्व नोंदी सुखरूप उतरल्या.

वाचकहो, आम्हीही तीस वर्षे वर्गात ओतीतच आलो. ‘आता थांबा’ असे किती डोळे म्हणाले असतील! आम्ही ते कधी ऐकले?