कोपऱ्यावरचे औषधाचे दुकान

वैद्यकीय सेवेची गरज जेथे सर्वांत अधिक, तेथेच ती सर्वांत दुर्मिळ असते, हा नियम ज्युलियन ट्युडर हार्ट या वेल्समधील डॉक्टरांनी १९७१ साली मांडला. आश्चर्य असे, की इंग्लंडमधील औषधांची दुकाने या नियमाला अपवाद ठरली होती. डरहॅम विद्यापीठाच्या २०१४ सालच्या संशोधनानुसार देशातील ८९ टक्के लोकांना वीस मिनिटांच्या चालीवर औषधाचे दुकान होते. अत्यंत गरीब वस्त्यांत मात्र हेच प्रमाण जवळजवळ शंभर टक्के होते!

आणि नेमक्या याच अपवादावर सरकारने कुऱ्हाड उगारली. तेथील दुकानदार खाजगी असला तरी त्याचे बहुतेक उत्पन्न सरकारी आरोग्यसेवेच्या करारातून येते. २०१५-१६ मध्ये यासाठी २८० कोटी पौंड मिळत. २०१७-१८ पर्यंत ही रक्कम २५९ कोटी २० लाखांवर आणली गेली आणि २०२३-२४ पर्यंत तेथेच गोठवली गेली. महागाई काही गोठली नाही. सरकारचा युक्तिवाद असा, की सुमारे ४० टक्के दुकानांच्या आसपास, दहा मिनिटांच्या चालीवर, आणखी दुकाने आहेतच. मग इतकी हवीत कशाला? (ही दहा मिनिटे कोणाच्या पायांनी मोजली? दम्याने धापा टाकणाऱ्या म्हातारीच्या खचित नव्हे.) एकमेकांपासून दूर असलेल्या दुकानांना जादा मदत ठेवली, हे मान्य. पण दाट वस्तीतील दुकाने 'जास्त' दिसत होती, ती तेथे आजारही जास्त होते म्हणून, हे कोणी पाहावयाचे?

सरकारने एकाही दुकानाला टाळे ठोकले नाही. ते काम बाजारावर सोपविले, आणि माझ्या मते हाच या प्रकरणातील खरा अप्रामाणिकपणा. कधी औषधाची खरेदी-किंमत सरकारी भरपाईपेक्षा अधिक पडे. मग दुकानदाराने पदरमोड करावी. आठवड्यास शंभर तास उघडी राहणारी दुकाने होती. २०२३ मध्ये त्यांना बहात्तर तासांपर्यंत खाली येण्याची मुभा देण्यात आली. शेकडो दुकाने कायमची बंद झाली, आणि त्यांत गरीब वस्त्यांचा वाटा मोठा होता. विरोधाभास असा, की जानेवारी २०२४ पासून घसादुखी, कानदुखी यांसारख्या आजारांसाठी डॉक्टरांकडे न जाता औषधवाल्याकडे जा, असे हेच सरकार सांगू लागले!

२०२५-२६ साठी तरतूद वाढवून ३०७ कोटी ३० लाख पौंड करण्यात आली. मात्र हा पैसा तग धरून राहिलेल्या दुकानांच्या वाट्याचा. ज्या कोपऱ्यावर पाटी उतरली, तेथील माणसांना पुढच्या वस्तीपर्यंत चालतच जावे लागते.