माणदेश कुठल्या जिल्ह्यात?

मंडळी, मी शिकवत होतो तेव्हा तिसरीला जिल्ह्याचा भूगोल असायचा. सातारा म्हणजे महाबळेश्वरचा पाऊस, सांगली म्हणजे कृष्णाकाठ आणि हळद. मग दहिवडी-आटपाडीच्या दुष्काळी मुलखाचं काय? आटपाडीचा भाग १९४८ पर्यंत औंध संस्थानात होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला, त्याचं १९६० मध्ये सांगली झालं. माणगंगा मात्र सातारा, सांगली, सोलापूर असे तिन्ही जिल्हे ओलांडून भीमेला मिळते. २०११ च्या जनगणनेत सातारा ३० लाख, सांगली २८ लाख. सोन्याचांदीच्या गलाईसाठी परमुलखात स्थायिक झालेली आमची माणसं त्यात नाहीतच. म्हणून वाटतं, पोरांना जिल्ह्याआधी आपली नदी शिकवावी. पाणी का नाही आणि काका परगावी का, हे एकाच धड्यात कळेल.