काळे उलथणे आणि कष्टकऱ्याचे पोट

२०२४ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत एक संशोधन प्रसिद्ध झाले. काळ्या प्लास्टिकची उलथणी, खेळणी यांत अग्निरोधक रसायने सापडली होती. लगेच वर्तमानपत्रांतून ओरड झाली, काळी उलथणी फेकून द्या! पुढे डिसेंबरमध्ये त्यातल्या आकडेमोडीत चूक निघाली. ६० किलो वजनाच्या माणसासाठी एका रसायनाची रोजची मर्यादा ४,२०,००० नॅनोग्रॅम, तिथे ४२,००० लिहिले होते. चूक दुरुस्त झाली, भीती ओसरली, विषय संपला.

आपला प्रश्न मात्र इथून सुरू होतो. ते विष उलथण्यात आले कुठून? जुन्या टीव्ही-संगणकांच्या खोक्यांतून. मग ती खोकी फोडली कोणी, वितळवली कोणी? त्यांच्या रक्तात किती विष आहे? उलथण्याची तपासणी होते, उलथण्याआधीच्या माणसाची होत नाही. ही निव्वळ विसराळू चूक नाही.

आधी विज्ञान समजून घेऊ. प्लास्टिक लवकर पेटू नये म्हणून त्यात ब्रोमीनयुक्त रसायने मिसळतात. यातली पीबीडीई नावाची रसायने प्लास्टिकला पक्की जोडलेली नसतात. ती हळूहळू बाहेर पडतात आणि धुळीत बसतात. धूळ हातावर, हातावरून भाकरीवर, भाकरीवरून पोटात. हेच प्लास्टिक उघड्यावर जाळले तर ब्रोमीनयुक्त डायऑक्सिन तयार होतात. म्हणजे ज्याला जेवणाआधी हात धुवायला पाणी आणि साबण मिळत नाही, त्याच्या पोटात हे विष सगळ्यात जास्त जाते. आपल्या देशात पाणी कोणाला मिळत नाही, हे महाडच्या वारसदारांना सांगायची गरज नाही.

मग याने पोटाचा कॅन्सर होतो का? आपण घोषणेपायी खोटे बोलायचे नाही. जठराच्या कॅन्सरचे सर्वात मोठे ज्ञात कारण हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू आहे. तंबाखू आणि अतिखारट अन्नही धोका वाढवतात. अग्निरोधकांमुळे जठराचा कॅन्सर होतो, असे सिद्ध झालेले नाही. पण संशयाला आधार आहे. १९७३ मध्ये अमेरिकेच्या मिशिगन राज्यात पीबीबी हे अग्निरोधक चुकून गुरांच्या खाद्यात मिसळले गेले आणि दूध-मांसातून लोकांच्या पोटात गेले. पुढे १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्यांच्या रक्तात पीबीबी जास्त, त्यांच्यात पचनसंस्थेचे कॅन्सर जास्त आढळले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने पीबीबीला 'माणसात बहुधा कॅन्सरकारक' ठरवले. सर्किट बोर्डाच्या डाखातून निघणाऱ्या शिशाच्या असेंद्रिय संयुगांनाही तिने त्याच गटात टाकले आहे, आणि त्यासाठी विचारात घेतलेल्या पुराव्यात जठराचा कॅन्सर आहे. भंगार फोडणाऱ्याच्या अंगावर ही सगळी विषे एकदम येतात. जंतूही दाटीच्या, नळ-संडास नसलेल्या वस्तीतच जास्त पसरतो.

आता कायदा पाहा. स्टॉकहोम कराराखाली पीबीडीईचे जुने प्रकार २००९ मध्ये आणि डेका-बीडीई २०१७ मध्ये बंदीच्या यादीत आले. भारताने २०१८ च्या नियमांत सात रसायनांवर बंदी घातली. त्यात जुने प्रकार आले, डेका-बीडीई नाही. नव्या उपकरणांसाठी ०.१ टक्क्याची मर्यादा आहे, पण भंगारात येतो तो जुना माल. कामगारांचे काय? २०२० च्या कामगार संहितेने विजेवर चालणाऱ्या कारखान्याची मर्यादा १० वरून २० कामगारांवर नेली. आठ-दहा माणसांचा भंगाराचा गाळा कारखाना म्हणून कायद्याच्या नजरेत येतच नाही.

कोणी म्हणेल, "यात जात कुठून आणली? हे काम गरीब करतात." बरोबर, पण गरिबाला हेच काम का मिळते? बाबासाहेबांनी १९३६ मध्येच दाखवून दिले की जातिव्यवस्था कामाची नव्हे, कामगारांची विभागणी करते. मुंबईच्या गिरण्यांत विणखात्यात अस्पृश्यांना घेत नसत, कारण सुताचे टोक तोंडाने ओले करावे लागे. त्यांची थुंकी विटाळ ठरली आणि जास्त पगाराचे काम त्यांच्यासाठी बंद झाले. आज देशाच्या कचऱ्याचे विष गिळायला मात्र तेच तोंड चालते. कचरा वेचणाऱ्यांत दलित बहुसंख्य, भंगाराच्या गाळ्यांत गरीब मुस्लिम मोठ्या संख्येने, हा योगायोग नाही.

दुसरा आक्षेप, "बंद केले तर पोट कसे भरणार?" बंद करा, असे आपण म्हणतच नाही. धाडी टाकून गाळे उठवले की काम आणखी आतल्या गल्लीत जाते आणि धूर तिथल्या लेकरांच्या छातीत. मार्ग संघटनेचा आहे. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ मध्ये उभी राहिली आणि २००८ मध्ये त्यातूनच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था झाली. कचरावेचक महापालिकेसमोर हक्काने उभे राहिले.

म्हणून मागण्या ठोस हव्यात. प्रत्येक गाळ्यात पाणी, साबण आणि जेवायला वेगळी जागा. उघड्यावर जाळणे बंद, आणि ब्रोमीनचे प्लास्टिक वेगळे काढून विकत घेण्याची जबाबदारी उत्पादक कंपन्यांवर. ई-कचऱ्याच्या अधिकृत साखळीत या कामगारांना वाटा. कॅन्सर रुग्णालयाच्या केसपेपरवर रुग्णाने आयुष्यभर काय काम केले, त्याची नोंद. ही नोंद नसेल तर आकडा नाही, आकडा नसेल तर पुरावा नाही, आणि पुरावा नाही म्हणून भरपाई नाही. असे हे चक्र आहे.

मजूरमंत्री म्हणून कामगारांच्या आरोग्य विम्याचा पाया घालणाऱ्या बाबासाहेबांची जयंती आपण डीजे लावून साजरी करतो. या वर्षी एक काम करा. आपल्या वस्तीतल्या भंगाराच्या गाळ्यांवर जा. कोण किती वर्षे काम करतो, काय जाळतो, कोणाला काय आजार आहे, हे वहीत लिहून आणा. ती वही घेऊन आपण आरोग्य अधिकाऱ्याच्या टेबलासमोर उभे राहू. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा यातले 'शिका' इथून सुरू होते.

जय भीम!