गल्फच्या नोकरीचा व्हिसा : एजंटला पैसे नेमके कशाचे द्यायचे?

खेड, दापोली, मंडणगड, चिपळूण या तालुक्यांतून गल्फला जाणं ही नवी गोष्ट नाही. काही घरांत आजोबा गेले, बाप गेला, आता नातू पासपोर्ट काढून बसलाय. फरक एवढाच पडला की पूर्वी व्हिसा नात्यातला माणूस पाठवायचा, आता व्हॉट्सअ‍ॅपवर जाहिरात येते. ड्रायव्हर पाहिजे, प्लंबर पाहिजे, हेल्पर पाहिजे, खाणं-राहणं फ्री. मग घरात चर्चा सुरू होते : एजंट धरायचा की आपलं आपण करायचं?

या चर्चेत एक गोष्ट बहुतेक वेळा सुटते. गल्फचा कामाचा व्हिसा एजंट 'काढत' नाही. तो तिथली कंपनी काढते. सौदी असो की दुबई, परवानगी तिथल्या सरकारकडून मालकाच्या नावावर मिळते आणि त्यावर आपल्या माणसाचं नाव चढतं. सौदीच्या आणि युएईच्या कामगार कायद्यात भरतीचा खर्च मालकानं सोसायचा, कामगाराकडून वसूल करायचा नाही, असं लिहिलेलं आहे. त्यामुळं 'व्हिसाचे दोन लाख' असं कुणी सांगितलं, तर ते दोन लाख व्हिसाचे नसतात.

मग एजंट बिनकामाचा का? तसंही नाही. ज्याचं तिकडं कुणीच नाही, त्याला कंपनी कोण गाठून देणार? मुलाखत, करारपत्र, मेडिकल, व्हिसा स्टॅम्पिंग ही कामं नोंदणीकृत रिक्रूटिंग एजंट करतो, आणि त्याचे पैसे घेणं कायदेशीर आहे. पण किती? १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखालच्या नियमांनुसार जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे ३५,४०० रुपये, तेही पावती देऊन. बेकायदा एजंट दोन ते पाच लाख उकळतात, हे परराष्ट्र मंत्रालयानंच आपल्या इशाऱ्यात म्हटलं आहे. मधल्या फरकासाठी घरातलं सोनं बँकेत जातं.

एजंट नोंदणीकृत आहे का, हे मोबाईलवर पाच मिनिटांत कळतं. केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणी असलेल्या एजंटांची यादी आहे. नाव, परवाना क्रमांक आणि पत्ता तिन्ही जुळले पाहिजेत. नुसतं नाव जुळून चालत नाही, कारण खऱ्या कंपनीचं नाव वापरून भलताच माणूस पैसे घेतो.

खरी अडचण गावातल्या माणसाची आहे. मुंबईतला एजंट नोंदणीकृत असतो, पण गावात पैसे गोळा करणारा त्याचा 'माणूस' असतो. कायद्यात या सब-एजंटला जागाच नाही. तो ओळखीचा असतो, लग्नाकार्याला येतो-जातो, म्हणून पावती मागायला संकोच वाटतो. गंमत बघा, वाशीला आंबा पाठवणारा बागायतदार दलालाकडून पट्टी आल्याशिवाय हिशेब मान्य करत नाही. पेटीमागं पन्नास रुपये कमी लागले तर फोन करतो. तोच माणूस पोराच्या व्हिसासाठी लाखभर रुपये रोख देतो आणि कागदाचा एक चिटोराही मागत नाही.

दुसरी गोष्ट पासपोर्टची. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआर असतं. त्यांना सौदी, कुवेत, कतार, ओमान, युएई धरून १८ देशांत नोकरीला जाताना सरकारची एमिग्रेशन परवानगी लागते. तिची फी २०० रुपये. सोबत प्रवासी भारतीय बीमा योजनेचा विमाही काढावा लागतो. दोन वर्षांचे २७५ रुपये, तीन वर्षांचे ३७५, आणि अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर १० लाखांचं संरक्षण. जून २०२४ मध्ये कुवेतच्या मंगफमधल्या आगीत कित्येक भारतीय गेले. त्यानंतर तरी हा विमा किरकोळ वाटायला नको.

दहावी पास झालेल्याला ही परवानगी सहसा लागत नाही. पोरांना ते सोयीचं वाटतं, पण त्याचा दुसरा अर्थ असा की त्याचं करारपत्र सरकारी नजरेखालून जातच नाही. त्यानं स्वतःच जास्त तपासायला हवं. व्हिजिट व्हिसाचा सापळाही याच पोरांसाठी लावलेला असतो. 'आत्ता फिरायच्या व्हिसावर जा, तिकडं गेल्यावर कामाचा करून देतो' असं कुणी म्हणालं, तर तिथंच थांबावं. त्या व्हिसावर काम करणं बेकायदा आहे. पगार अडकला तर तक्रार करायलाही तोंड राहत नाही.

ज्याचा चुलता किंवा मेव्हणा त्याच कंपनीत आहे आणि कंपनी थेट व्हिसा पाठवतेय, त्यानं ३०,००० तरी का द्यावेत? करारपत्र हातात असेल तर ई-मायग्रेटवर थेट मालकाकडूनही परवानगीचं काम होतं. मेडिकलची नोंदणी वाफिदच्या साईटवर स्वतः करता येते. सर्टिफिकेटचं अटेस्टेशन मात्र किचकट आहे. राज्य, परराष्ट्र खातं, दूतावास अशी उतरंड, आणि देशागणिक वेगळी. त्यासाठी मुंबईच्या चार फेऱ्या आणि तेवढे दिवस बुडवण्यापेक्षा कुणाला ठरवून पैसे देणं स्वस्त पडतं. फक्त नातेवाईकानं पाठवलेला असला, तरी व्हिसावर काम काय लिहिलंय ते बघावं. 'आझाद व्हिसा' म्हणून जो मिळतो, त्यात कागदावर मालक एक आणि काम दुसरीकडं असतं. पकडला गेला तर नातेवाईकाला काही होत नाही, जो गेलाय त्याला परत पाठवतात.

पैसे द्यायचेच असतील तर बँकेतून किंवा युपीआयनं, कंपनीच्या खात्यावर द्यावेत. गावातल्या माणसाच्या फोन नंबरवर नकोत. फसवणूक झाली तर पोलीस ठाणं आहे, मुंबईत प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सचं कार्यालय आहे, ई-मायग्रेटवरही तक्रार करता येते. तिन्ही ठिकाणी पहिला प्रश्न एकच येतो : पैसे दिल्याचा पुरावा काय?