पगार बुडवणाऱ्यापुढे हात जोडू नका, अर्ज द्या

मिरज तालुक्यातील एका वस्तीत गेल्या महिन्यात पाच तरुण भेटले. ठेकेदाराकडे तीन महिने राबले, त्यातल्या दोन महिन्यांचा पगार बुडाला. मागायला गेले की 'पुढच्या आठवड्यात बघू'. तक्रार का केली नाही, असे विचारले तर उत्तर आले, "ताई, आमच्याकडं कागद कुठं आहे? आणि तक्रार केली तर परत काम कोण देणार?"

कागद नाही आणि भीती आहे, या दोन गोष्टींवर मजुरी बुडवणाऱ्यांचा सगळा धंदा चालतो. सातारा-सांगलीत एमआयडीसीतले कंत्राटी कामगार, द्राक्षबागांतले मजूर, वीटभट्टी, बांधकाम, ऊसतोड अशी कामे तोंडी बोलीवरच होतात. कायम कामगारही सुटलेले नाहीत. सांगलीचा वसंतदादा शेतकरी सहकारी साखर कारखाना 2017 मध्ये भाड्याने चालवायला दिला गेला, पण जुन्या कामगारांना थकीत देण्यांसाठी आंदोलने करावी लागली. संघटना असलेल्यांची ही गत, तर नाक्यावरच्या मजुराचे काय?

21 नोव्हेंबर 2025 पासून देशात वेतन संहिता, 2019 लागू झाली आहे. 1936 चा वेतन प्रदान कायदा आणि 1948 चा किमान वेतन कायदा तिच्यात विलीन झाले. नव्या कामगार संहितांवर संघटनांचे अनेक आक्षेप आहेत आणि ते योग्यही आहेत. निरीक्षकाला आता 'सुलभकर्ता'ही केले आहे आणि पहिल्या चुकीला मालकाला सुधारण्याची संधी मिळते. तरीही हातात आलेले हत्यार वापरले पाहिजे.

जुना कायदा महिना 24 हजारांपर्यंत पगार असणाऱ्यांनाच लागू होता, ती मर्यादा आता नाही. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेच्या आत आणि रोजंदारी त्याच दिवशी पाळी संपताना द्यावी लागते. काम सोडले किंवा काढून टाकले तर दोन कामाच्या दिवसांत हिशोब चुकता करायचा. दावा करण्याची मुदत 3 वर्षे आहे. बुडालेल्या रकमेवर दहापटीपर्यंत भरपाई मिळू शकते आणि आदेश होऊनही मालकाने पैसे दिले नाहीत तर जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते. ठेकेदार पळाला तर ज्या आस्थापनेत काम केले तिच्या मालकावर जबाबदारी येते.

आता कागदाचा प्रश्न. पगार दिला हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे. आपण फक्त एवढे दाखवायचे की आपण तिथे काम केले. हजेरीच्या वहीचा फोटो, गेटपास, मुकादमाचे व्हॉट्सॲप मेसेज, फोनपेवर आलेली उचल, सोबतच्या मजुरांची साक्ष, हे सगळे पुरावेच आहेत. कामाला लागल्या दिवसापासून तारीख आणि तास वहीत लिहायची सवय लावा.

भीतीवरही उपाय आहे. एका आस्थापनेतल्या कितीही कामगारांसाठी एकच अर्ज चालतो आणि नोंदणीकृत संघटनाही तो करू शकते. एकट्याने गेलात तर निशाणा बनाल, पाच जणांनी मिळून गेलात तर बाजू बनाल. आधी मालकाला लेखी मागणी पाठवा, पोहोच ठेवा. मग सातारा किंवा सांगलीच्या कामगार विभागाच्या कार्यालयात अर्ज द्या आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. वकिलासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. अनुसूचित जातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता तिथे मोफत मदत मिळते. 1990 च्या दुरुस्तीमुळे बौद्धांनाही अनुसूचित जातीचा हा हक्क आहे. त्यासाठी जातीचा दाखला काढून ठेवा.

एक सावधगिरी. पगार थकला म्हणजे लगेच ॲट्रॉसिटी होत नाही. पण अनुसूचित जातीच्या माणसाकडून वेठबिगार करून घेतली, किंवा मजुरी मागितल्यावर चारचौघांत जातीवरून अपमान केला, तर तो स्वतंत्र गुन्हा आहे. उचलीच्या कर्जात अडकवून राबवणे 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याखाली येते. किमान वेतनापेक्षा कमी देऊन राबवणे हे संविधानाच्या कलम 23 खाली सक्तीचे श्रमच, असे सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्येच सांगितले आहे.

आपल्या आज्यापणज्यांनी महारकीच्या नावाखाली गावाची फुकट कामे केली. ती वतनाची बेडी तोडण्यासाठी बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले. 7 नोव्हेंबरला साताऱ्यातील त्यांच्या शाळाप्रवेशाची आठवण म्हणून आपण विद्यार्थी दिवस साजरा करतो. 1938 साली त्याच तारखेला त्यांनी कामगारांच्या संपाच्या हक्कावर बंधने आणणाऱ्या विधेयकाविरुद्ध मुंबईत संप घडवला, हे मात्र विसरतो.

प्रत्येक विहारात महिन्यातून एक रविवार कामगारांसाठी ठेवा. शिकलेल्या दोन तरुणांनी अर्ज लिहून द्यावेत. मिरजेच्या त्या पाच जणांचा अर्ज आम्ही असाच विहारात बसून लिहिला. पैसे अजून आलेले नाहीत. पण त्यानंतर ठेकेदाराचा फोन पहिल्यांदा स्वतःहून आला.

जय भीम!